दार्जिलिंगचा सेकंड फ्लश कोल्हापुरात कसा चाखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत आमच्या घरी जून उलटला की ओळखीची मंडळी चहा चाखायला जमतात. त्या वर्षीचा दार्जिलिंगचा उन्हाळी चहा, गरम पाणी आणि पांढरे कप, एवढाच सरंजाम. नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. सकाळी आमच्या घरीही तोच होतो. हा चहा दुपारच्या निवांत वेळेचा आहे आणि त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

सेकंड फ्लश म्हणजे नक्की काय?

चहाच्या झुडपाला वर्षातून काही ठराविक वेळा जोमाने पालवी फुटते. अशा प्रत्येक फुटीला मळेवाले फ्लश म्हणतात. दार्जिलिंगच्या डोंगरात थंडीभर झुडपं निपचित असतात. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये पहिली फूट येते आणि तिची तोड एप्रिलपर्यंत चालते, तो फर्स्ट फ्लश. मध्ये थोडी उसंत जाते आणि मे-जूनमध्ये दुसरी फूट येते, तो सेकंड फ्लश. जुलै ते सप्टेंबर पावसाळी चहा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शरदातला चहा, आणि मग झुडपं पुन्हा विश्रांतीला जातात.

या लेखात मी प्रामुख्याने सेकंड फ्लशबद्दलच बोलणार आहे, कारण काळा चहा म्हणून तो मला सगळ्यांत पूर्ण वाटतो.

चहाला हंगाम असतो हेच नवीन आहे. आमची पावडर तर बाराही महिने सारखीच लागते!

ती सारखी लागावी म्हणूनच कंपन्यांचे चाखणारे वर्षभर खपत असतात. वेगवेगळ्या मळ्यांचा, वेगवेगळ्या महिन्यांचा चहा आणून ते अशा बेताने मिसळतात की पाकीट मार्चमध्ये फोडा नाहीतर नोव्हेंबरमध्ये, चव तीच यावी. ते कौशल्य मोठंच आहे, पण त्यात पानाचा महिना पुसला जातो.

कोल्हापूरकराला हंगाम शिकवावा लागत नाही. गुऱ्हाळं पेटली की पहिल्या आधणाच्या गुळाचा रंग वेगळा, उन्हाकडे झुकलेल्या गुळाचा वेगळा, हे मार्केट यार्डात उभा असलेला माणूस गुळाचा रवा (ढेप) फोडून सांगतो. कुठल्या गावाकडचा ऊस, पाणी किती मिळालं, किती वेळ आटवला, हे सगळं त्या खड्यात असतं. चहाच्या पानाकडे त्याच नजरेने पाहायचं, माझं सांगणं एवढंच आहे. एकाच मळ्याचा, एकाच महिन्याचा, न मिसळलेला चहा कपात ओतला की तो महिना चवीला लागतो.

आणि वर्षही लागतं. वळीव लवकर आला की उशिरा, एप्रिल कोरडा गेला की ओला, त्यावर त्या वर्षाची चव ठरते. २०१७ साली जूनच्या मध्यापासून दार्जिलिंगच्या डोंगरात १०४ दिवसांचा बंद झाला. ऐन हंगामात तोड थांबली, झुडपं अवाच्या सवा वाढली आणि त्या वर्षीचा सेकंड फ्लश बहुतांशी बुडाला. तो चहा कपाटातून काढून देता येत नाही. गेला तो गेला.

‘मस्कटेल’ चव म्हणजे काय? ती मुद्दाम घालतात का?

नाही, काहीही घालत नाहीत. मला सगळ्यांत आवडणारं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मस्कट ही सुवासिक द्राक्षाची जात. त्या द्राक्षाची आठवण करून देणारा एक गोडसर, खोल वास चांगल्या सेकंड फ्लशला असतो. ज्यांनी मस्कट द्राक्ष खाल्लेलं नाही त्यांना मी तासगावच्या चांगल्या बेदाण्याचा डबा उघडून हुंगायला सांगतो. अगदी तोच वास नाही, पण त्याच घरातला. त्याच्या मागे थोडा मध, थोडं जुनं लाकूड, कधी पिकलेल्या जर्दाळूची झाक.

हा वास येतो कुठून? मे-जूनच्या कोरड्या, उबदार दिवसांत चहाच्या कोवळ्या पानांवर तुडतुडे आणि फुलकिडे बसतात. हो, तेच तुडतुडे, ज्यांच्यावर आपल्याकडचा शेतकरी फवारणी करतो. ते पानातला रस शोषतात, पानाच्या कडा पिवळ्या-तपकिरी होतात, वाढ खुंटते. झाड या हल्ल्याला उत्तर म्हणून काही सुगंधी द्रव्यं जास्त तयार करतं. लिनालूल, जिरॅनिऑल, होट्रिएनॉल ही त्यांतली काही नावं. पुढे कारखान्यात पान सुकवताना आणि मळताना हीच द्रव्यं खुलतात आणि आपल्या कपात बेदाण्याचा वास येतो. तैवानमध्ये ‘ओरिएंटल ब्यूटी’ नावाचा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधला, चहा आहे, त्याचा सुगंधही तुडतुड्यांनी शोषलेल्या पानातूनच येतो.

याचा अर्थ असा की कीड फार झाली तर पीकच जातं आणि अजिबात नसली तर सुगंध येत नाही. मळ्याचा व्यवस्थापक या दोन टोकांमध्ये हिशोब करत बसलेला असतो. त्यातही चीनहून आलेल्या जुन्या जातीची झुडपं आणि कलमी वाण यांचा वास वेगळा. एव्ही-टू किंवा पी-३१२ अशा कलमी वाणांच्या चहात फुलांचा वास पुढे येतो. मस्कटेल हवा असेल तर ‘चायना’ किंवा ‘चायना मस्कटेल’ लिहिलेलं पाकीट बघा.

पहिल्याच कपात बेदाणा सापडला नाही तर नाउमेद होऊ नका. तो बहुधा कप थोडा निवल्यावर सापडतो.

फर्स्ट फ्लश जास्त महाग आणि नावाजलेला आहे. मग सेकंडपासून सुरुवात का?

फर्स्ट फ्लश सुंदरच असतो: फिकट सोनेरी, हिरवट, ताज्या फुलांचा. पण तो पूर्ण काळा चहा नसतो. त्याचं पान जास्त सुकवतात आणि त्याला रंग चढायला कमी वेळ मिळतो, म्हणून सुक्या पानात हिरवा तुकडा दिसतो. आयुष्यभर दुधाचा चहा प्यालेल्या माणसाच्या हातात तो दिला की हमखास प्रश्न येतो, ‘यात चहा कुठाय?’ सेकंड फ्लशमध्ये रंग आहे, अंग आहे, तरतरी आहे. आपल्या जिभेला ओळखीचं काहीतरी त्यात आधीच सापडतं. त्यावर हात बसला की मग मार्चच्या चहाकडे जावं.

काळा चहा बनतो कसा? आणि आपल्या दाणेदार पावडरीत आणि यात फरक काय?

दोन्ही एकाच झाडाची पानं, कॅमेलिया सायनेन्सिसची. आसामात त्याची रुंद पानाची जात आहे, दार्जिलिंगात मुख्यतः बारीक पानाची चिनी जात. फरक कारखान्यात पडतो.

दार्जिलिंगची पद्धत जुनी. दोन पानं आणि एक कळी हाताने खुडतात. जाळीच्या लांब खणांवर पसरून रात्रभर हवा देतात, म्हणजे पान मऊ पडतं. मग यंत्रात वळतात. वळताना पेशी फुटतात, रस बाहेर येतो, त्याला हवा लागते आणि रंग बदलायला लागतो. याला आंबवणं म्हणायची पद्धत आहे, पण यात जंतूंचा भाग नसतो. चिरलेलं सफरचंद काळं पडतं तीच क्रिया. पानातल्या कॅटेचिन नावाच्या तुरट द्रव्यांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. पहिल्याने कपाला चमक आणि तरतरी येते, दुसऱ्याने रंग आणि भरदारपणा. योग्य क्षणी गरम हवेने वाळवून ही क्रिया थांबवतात. तो क्षण ओळखणारं नाक आजही माणसाचंच असतं. साडेचार किलोच्या आसपास हिरव्या पानांचा एक किलो चहा होतो.

दाणेदार चहा म्हणजे सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल). १९३० च्या दशकात आसामात हे यंत्र आलं. दातेरी रुळांमध्ये पान चिरडलं, फाडलं आणि वळवलं जातं. दाणा बारीक, म्हणून झटकन उतरतो, रंग गडद, दुधाला पुरून उरतो. उकळण्यासाठीच तो जन्माला आला आहे. सेकंड फ्लश पातेल्यात उकळणं म्हणजे त्याचा सुगंध स्वयंपाकघरात उडवून कडूपणा तेवढा कपात घेणं.

पाकिटावरची एसएफटीजीएफओपी-वन ही अक्षरं म्हणजे दर्जा का?

ती पानाच्या आकाराची आणि कळीच्या प्रमाणाची प्रतवारी आहे. पान अखंड आहे, त्यात सोनेरी टोकं भरपूर आहेत, एवढंच ती सांगते. चवीची हमी त्यात नाही. मी अक्षरांपेक्षा मळ्याचं नाव, तोडीचा महिना आणि वर्ष बघतो. हे तिन्ही छापलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा.

भांडी कुठली लागतात?

झाकणाचं चिनी मातीचं किंवा काचेचं भांडं, गाळणं आणि आतून पांढरे कप. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही आणि ओठ भाजतात. महागडा सेट घेऊ नका, ते पैसे चहावर खर्च करा.

पाणी कुठलं आणि किती गरम?

कपात जवळजवळ सगळं पाणीच असतं, तेव्हा यावर वेळ घालवायला हरकत नाही.

आधी तुमच्या पाण्याची परीक्षा करा. बोअरचं पाणी असेल तर किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो आणि चहावर तेलकट दिसणारा एक पापुद्रा येतो. तो पाण्यातल्या चुन्यामुळे येतो. असं जड पाणी सुगंध दाबून टाकतं, रंग मात्र काळपट करतं. दुसरं टोक म्हणजे क्षार जवळजवळ संपवून टाकणारं आरओ. त्यात चहा पोकळ आणि मिळमिळीत लागतो. गाळलेलं नळाचं पाणी बहुतेक घरांत चांगलं काम करतं. शंका असेल तर एकाच चहाचे दोन कप दोन पाण्यांत करून शेजारी ठेवा. घरातलं लहान पोरही फरक सांगेल.

पाणी ताजं भरून एकदाच उकळवा. सतत खदखदत ठेवलेल्या पाण्यात चहा निर्जीव होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. दार्जिलिंग शहर २,००० मीटरवर आहे, तिथे उकळी ९३ अंशांनाच फुटते. म्हणून इथे उकळी आल्यावर गॅस बंद करून थोडं थांबा, मग ओता. ९० ते ९५ अंश सेकंड फ्लशला मानवतं. फर्स्ट फ्लशला त्याहून कमी.

चहा किती घालायचा, किती वेळ ठेवायचा?

२०० मिली पाण्याला अडीच ग्रॅम. लांब पान हलकं आणि पसरट असतं, त्यामुळे चमचा फसवतो. मसाल्याचा छोटा वजनकाटा मिळाला तर उत्तम, नाहीतर शीग लावून एक चहाचा चमचा.

तीन मिनिटं झाकून ठेवा आणि पूर्ण गाळून घ्या. पानं पाण्यात तशीच राहू देऊ नका. साडेतीन, चार मिनिटं करून बघायला हरकत नाही, पण घड्याळ लावा. अंदाजाने केलेला चहा आज एक आणि उद्या दुसराच लागतो, मग तुलना कशाची करणार?

व्यावसायिक चाखणारे मुद्दाम जास्त कडक करतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० मिलीला दोन ग्रॅम, उकळतं पाणी, सहा मिनिटं. त्यांना चहाचे दोष शोधायचे असतात आणि कडक काढ्यात दोष लपत नाहीत. विकत घेण्याआधी तुम्हीही एखादा कप तसा करून बघा, प्यायला मात्र तीन मिनिटांचाच बरा.

आता चाखायचं कसं?

सुकं पान आधी. तळहातावर घ्या, उजेडात बघा. सेकंड फ्लशचं पान तपकिरी-काळं, वळलेलं, मध्ये सोनेरी किंवा चंदेरी टोकं. त्यावर हलकेच श्वास सोडा, ओलसर ऊब मिळाली की पान वास सोडतं. लगेच हुंगा. या वेळी बहुतेकांना सुका मेवा, कोको किंवा वाळलेलं गवत आठवतं.

पाणी ओता, झाकण ठेवा. तीन मिनिटांनी गाळलं की कपाकडे वळायची घाई करू नका. झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या. मग भिजलेली पानं. माझ्या मते अख्ख्या चाखण्यातला हाच सगळ्यांत बोलका भाग आहे आणि नेमका तोच लोक सोडून देतात. गरम ओल्या पानात पिकलेलं फळ, मध, कधी गुलाब, कधी ओलं लाकूड असं सगळं एकदम वर येतं. रंगही बघा. तांब्यासारखी लकाकी असेल तर चहा नीट बनला आहे. काळपट, मेलेला रंग म्हणजे कारखान्यात काहीतरी जास्त झालं. करपट वास आला तर वाळवताना आच लागली.

मग कप. पांढऱ्या कपात रंग नारिंगी-तांबूस असावा आणि तळ स्वच्छ दिसावा. गढूळपणा नको.

पहिला घोट फुर्रकन ओढायचा, आवाज करून. चाखणाऱ्यांच्या टेबलावर हा आवाज शिष्टाचारच आहे. चहाबरोबर हवा आत जाते, थेंब तोंडभर उडतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं नाकच सांगतं. बशीत ओतून फुरके मारणारे आपले आजोबा हेच करत होते: निववतही होते आणि हवाही देत होते. लाजू नका.

घोट क्षणभर तोंडात फिरवा. जिभेच्या टोकाला काय लागलं, कडांना काय, तोंड भरल्यासारखं वाटलं की पाण्यासारखं निसटलं? गिळल्यावर श्वास नाकाने सोडा. मग थांबा. चांगल्या चहाची चव गिळल्यावर संपत नाही, मिनिटभर घशात गोडवा येत राहतो.

गरम असताना एक घोट, कोमट झाल्यावर दुसरा, जवळजवळ गार झाल्यावर तिसरा. फार गरम चहात जीभ काहीच सांगू शकत नाही. बेदाणा, मध, फळ हे कोमट कपात उघडतं. दोषही तिथेच दिसतात.

काय लागलं ते दोन शब्दांत वहीत लिहा, आपल्या शब्दांत. कुणी ‘पावसाआधीच्या मातीचा वास’ म्हणेल, कुणी ‘काकवी’. शेजारच्याला वेगळं लागलं म्हणून आपलं खोडू नका.

मला तो कडू लागतो. माझ्या जिभेचा दोष का?

बहुधा तुम्ही तुरटपणाला कडू म्हणताय. हा गोंधळ फार जणांचा होतो. कडू हे जिभेवर लागतं. तुरटपणा म्हणजे गालांच्या आत आणि हिरड्यांवर येणारी ओढ, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर येते तशी. चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. थोडा, स्वच्छ, लगेच विरणारा तुरटपणा चांगला, त्यानेच चहा जिवंत वाटतो. तो नसेल तर चाखणारे चहाला मिळमिळीत म्हणतात.

खरोखर कडूच लागत असेल तर वेळ अर्ध्या मिनिटाने कमी करा. पान कमी करू नका, आधी वेळ कमी करा.

थोडं दूध घातलं तर काय बिघडतं? निदान गूळ?

दुधातलं केसीन हे प्रथिन त्याच तुरट द्रव्यांना बांधून टाकतं, म्हणून दूध घातलं की चहा मऊ लागतो. कडक सीटीसीला हे हवंच असतं. सेकंड फ्लशची तरतरीच त्यात निघून जाते, आणि आपल्याकडच्या म्हशीच्या दुधाच्या सायीखाली बेदाण्याचा वास कसा टिकणार? गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला दुधाची चव वेगळी आणि चहाची वेगळी घेता येईल, अशी माझी खात्री आहे.

गुळाला स्वतःचा जोरदार वास आहे, तो इथे नको. गोड हवंच असेल तर चिमूटभर साखर चालेल, पण पहिला कप कोराच घ्या. लिंबू अजिबात नको, रंगही जातो आणि सुगंधही.

मिसळ खाऊन आलो तर चालेल? सोबत काय खावं?

मिसळ किंवा तांबडा रस्सा यांच्यानंतर निदान तासभर थांबा. तिखटाने जीभ पेटलेली असते आणि गरम चहा ती आग वाढवतो. पान-तंबाखूनंतर तर चाखणं शक्यच नाही. तसंच अंगाला अत्तर आणि हाताला कांदा-लसणाच्या चटणीचा वास नको.

चाखताना काहीच खाऊ नये. नंतर सोबतीला साधी बिस्किटं, भाजलेले काजू. माझी खास आवड सांगतो: नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी. कवठाचा आंबटपणा आणि चहातलं फळ एकमेकांना वर उचलतात. पेढा मात्र जड होतो.

तीच पानं पुन्हा वापरता येतात का?

हो, लगेच आणि एकदाच. दुसऱ्या वेळी चार-पाच मिनिटं ठेवा. सुगंध कमी, गोडवा टिकून. सकाळची पानं संध्याकाळी वापरू नका.

आपल्या पावसाळ्यात हा चहा टिकवायचा कसा?

अडचण खरी आहे. नवा सेकंड फ्लश हातात येतो तोच आषाढाच्या तोंडावर, आणि कोल्हापुरात तेव्हा मीठसुद्धा ओलं होतं. कारखान्यातून निघताना चहात जेमतेम दोन-तीन टक्के ओलावा असतो. डबा उघडा राहिला की तो हवेतलं पाणी ओढतो आणि आठवड्यात सुगंध बसतो.

घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. आत चहा त्याच्या मूळ पाकिटातच, हवा काढून, दुमडून ठेवा. रोजच्या वापराचं थोडं वेगळ्या लहान डबीत काढा म्हणजे मोठा डबा सारखा उघडावा लागत नाही. काचेच्या बरणीत दिसतो छान, पण उजेडाने खराब होतो. फ्रिज नको: बाहेर काढलं की पानावर दव धरतं. आणि मसाल्याच्या कपाटापासून लांब ठेवा. चहा शेजारचा वास इतका पटकन घेतो की चटणीच्या डब्याशेजारी ठेवलेलं पाकीट पंधरवड्यात चटणीचं होतं.

नीट ठेवलेला सेकंड फ्लश वर्ष-दीड वर्ष चांगला राहतो. फर्स्ट फ्लश त्याआधीच उतरतो, तो दिवाळीच्या आत संपवावा.

खरा दार्जिलिंग कसा ओळखायचा?

भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन (जीआय) दार्जिलिंग चहाचं, २००४ मध्ये नोंदलेलं. आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसंच. फक्त ठरवलेल्या ८७ मळ्यांचा चहा त्या नावाने विकता येतो. पाकिटावर चहाची पानं हातात धरलेल्या स्त्रीचं गोल चिन्ह असतं, ते बघा.

भारतात वर्षाला १३० कोटी किलोंच्या आसपास चहा होतो आणि दार्जिलिंगचा त्यात आता ७० लाख किलोही नाही. तेव्हा दर कोपऱ्यावर स्वस्तात मिळणारा ‘दार्जिलिंग’ सगळा तिथला असणं शक्य नाही. शेजारच्या नेपाळातला चहा या नावाने खपवला जातो अशी मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. इलामचा नेपाळी चहा स्वतःच्या नावाने घेतला तर तोही फार गोड असतो, आणि मला तो नेपाळच्या नावानेच प्यायला आवडेल.

एवढे पैसे द्यायची गरज आहे का?

समजा १०० ग्रॅमचे ६०० रुपये पडले. अडीच ग्रॅमचा एक याप्रमाणे ४० कप होतात, म्हणजे कप १५ रुपयांना. दुसऱ्यांदा पाणी घातलं तर त्याहून कमी. रोजचा चहा म्हणून महाग वाटेल, रविवारच्या दुपारी घरी चौघांनी मिळून प्यायला महाग नाही. अतिमहाग डब्यांच्या मागेही लागू नका, त्यातले बरेच पैसे खोक्याचे असतात.

झोप, पित्त, रक्त कमी असणं?

कोऱ्या चहातही कॅफीन असतंच, म्हणून झोपेची तक्रार असलेल्यांनी चारच्या आत प्यावा. उपाशीपोटी घेऊ नये. चहा अन्नातलं लोह शोषायला अडथळा करतो, विशेषतः भाजी-डाळींतलं. रक्त कमी असेल तर जेवणापासून तासभर दूर ठेवा. गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच किती ते ठरवा.

दार्जिलिंगशिवाय दुसरा कुठला हंगामी काळा चहा बघावा?

आसामचाही सेकंड फ्लश असतो, मे-जूनचाच. लांब पानाचा, सोनेरी टोकांचा घ्या. भाजलेल्या धान्यासारखा खमंग, दाट, तांबडालाल. गार झाल्यावर तो गढूळ होतो, ते वाईट लक्षण नाही, उलट अंग असल्याची खूण आहे. दुधाच्या चहाकडून येणाऱ्या माणसाला हा सगळ्यांत जवळचा वाटतो.

निलगिरीत डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतला चहा वेगळा काढतात, त्याला फ्रॉस्ट टी म्हणतात. हलका, फुलांचा, स्वच्छ. आपल्याला दक्षिण जवळ, उटीला जाणारे कुणी ना कुणी असतंच, तेव्हा मागवायला सोपा.

कोल्हापूरचा आणि चहाचा काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि तो मला या सगळ्यापेक्षा मोलाचा वाटतो. छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचा प्रयोग केला होता. पण त्याहून मोठी गोष्ट भाऊसिंगजी रोडची. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी तिथे चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं, आणि लोक तिथला चहा प्यायला तयार नव्हते तेव्हा स्वतः गाडी थांबवून, सगळ्यांदेखत तिथला चहा घेतला, सोबतच्यांनाही घ्यायला लावला. ‘सत्यसुधारक’ हे त्या हॉटेलचं नाव. आमच्याकडे चाखायला जमणाऱ्या मंडळींना मी हे आवर्जून सांगतो, कारण एका पंक्तीत बसून एकाच किटलीतला चहा पिणं या गावात कुणीतरी मिळवून दिलेलं आहे.

पटलं. पहिल्यांदा काय आणू?

एकाच मळ्याचा, चालू वर्षाच्या मे किंवा जूनचा सेकंड फ्लश, ५० ग्रॅम. जमलं तर दुसऱ्या मळ्याचाही तेवढाच. दोन कप शेजारी ठेवून प्यायल्याशिवाय जिभेला बोलायला विषय मिळत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत थांबा, त्याआधी ‘नवा सेकंड फ्लश’ म्हणून विकला जाणारा माल गेल्या वर्षीचा तर नाही ना, हे पाकिटावर बघून घ्या.